कुणाच्याही पावलांनी

१

सकाळी कामावर पोचलं की माझा पहिला अर्धा तास नुसता तयारीत जातो. कोट काढा, चहा खोलीबाहेर उभ्याउभ्याच संपवा, हात धुवा, कोरडे करा, हातमोजे चढवा आणि मग कुलूप काढा. लीड्समधल्या एका म्युझियमच्या तळघरात माझी खोली आहे. जुन्या वस्तूंवरची माती झाडायची, तडे भरायचे, त्यांना फोममध्ये नीट निजवायचं, हे माझं काम. शशी, माझा नवरा, सगळ्यांना सांगतो, "आमची मीनल मडक्यांची नर्स आहे." सांगू दे. मडकी उलट उत्तरं तरी देत नाहीत.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात माझ्याकडे एक चकती आली. कुणा डॉक्टरानं शंभरेक वर्षांपूर्वी जपानच्या उत्तर टोकाकडून ती इकडे आणली होती. आता म्युझियम ती परत पाठवणार होतं, आणि विमानप्रवास सोसेल इतपत तिला धडधाकट करणं माझ्याकडे होतं. भाजलेल्या मातीची, तळहातावर मावेल एवढी. वरच्या बाजूला दोरी ओवायला भोक. मधोमध एका तान्ह्या बाळाचं पाऊल, ओल्या मातीत दाबून घेतलेलं. टाच, चवडा, पाच बोटांचे पाच खळगे. उलटी केली की मागे मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे दिसायचे. बाळ पाय ओढून घेत असणार आणि कुणीतरी मागून घट्ट धरलं असणार. त्या ओढाताणीला सहा हजारांहून जास्त वर्षं झाली होती.

मी तिच्यासाठी फोम कापला, खोक्यात बसवला आणि खोका टेबलावर ठेवला. बोटं आत, भिंतीकडे. टाच दाराकडे. का, तर माझ्या आईची सवय. गौरी यायच्या तेव्हा ती ओल्या पिठात मूठ बुडवून दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं उठवायची, आणि सगळी आत येणारी. बाहेर जाणारं पाऊल घरात काढायचं नसतं, संपलं. मी देवबिव काही मानत नाही, पण हात आपोआप तसाच वळला.

२

ज्युलिएट आमच्या म्युझियममध्ये जपानचा संग्रह सांभाळते. जन्म इल्फर्डचा, आजी-आजोबा मुंबईचे बेने इस्राएली, त्यामुळे अख्ख्या इमारतीत माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. मराठी मात्र अशी की ऐकत राहावं. तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. आजी 'तो', बस 'तो', मीसुद्धा 'तो'.

"हा चकती माझा फेवरिट आहे," ती खोक्यावर वाकून म्हणाली. "हे कुठे मिळतात माहितीये तुला? ग्रेव्हमध्ये. पण बाळाच्या नाही हं. मोठ्या माणसाच्या."

"म्हणजे गं?"

"बघ, बाळ गेला की त्याचा पाय असा प्रेस करून ठेवायचे. घरात टांगायचे. किती वर्षं. मग आई मेला की तो आईबरोबर बरी करायचे."

"बरी?"

"बरी. खड्डा. जमिनीत."

"पुरायचे म्हण गं बाई! बरी म्हणजे आजारातून उठलेली."

ती खो खो हसली. "सॉरी, सॉरी. पुरायचे. पण हा फक्त एक थिअरी आहे. काही लोक म्हणतात, बाळ जिवंत असताना घ्यायचे, छान मोठा होतोय म्हणून. खरं काय ते सांगायला कोण आहे?"

आम्ही दोघी हसत बाहेर पडलो. खोलीच्या किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. कुलूप मी स्वतः लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोका फिरलेला होता. बोटं दाराकडे.

३

आता खोका फिरला यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. ज्युलिएटला विचारलं, तर "मी टचपण नाही केला" म्हणाली. म्हटलं, मीच विसरले असेन. घरी दीड वर्षाचं पोर असलेल्या बाईच्या डोक्याची काय खात्री द्यायची? मी खोका सरळ केला आणि कामाला लागले.

आमच्या त्या खोलीत हवेतला ओलावा शोषणारं एक यंत्र दिवसभर घुं घुं करत असतं. त्या घुंघुंतच मला मागे आवाज आला. चप्. ओल्या फरशीवर उघडं पाऊल पडावं तसा. मी वळून पाहिलं. फरशी खडखडीत कोरडी. तिथे पाणी सांडायची सोयच नाही. मी पुन्हा भिंगात डोळा घातला आणि भिंतीवरचा फोन वाजला.

नर्सरीतून होता. तनूला ताप चढलाय, घेऊन जा.

४

ताप म्हणता म्हणता तिसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलात होतो. साध्या सर्दीच्या व्हायरसनं तनूच्या हृदयाच्या स्नायूला सूज आणली होती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खुर्ची ओढून समोर बसून बोलायच्या. म्हणाल्या, काही मुलं यातून पूर्ण उठतात. काही मुलं. बाकीच्यांचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं पोर नळ्यांच्या जाळ्यात पडलं होतं. बस दिसली की टाळ्या पिटून "बश! बश!" ओरडणारं पोर आता नुसते डोळे उघडतानासुद्धा दमत होतं.

काम कुणाला तरी सोपवायला म्हणून मी तासाभरासाठी म्युझियममध्ये गेले. चकतीची बोटं दाराकडे. मी ती आत वळवली, दुसरं काही केलं नाही. परत आले तर शशी दारातच. "अगं, दूध प्यायली! दोन घोट, पण प्यायली!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटं दाराकडे, आणि परत येते तो तनूला श्वासाचं यंत्र लावलेलं.

योगायोग. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे मी लोकांना शिकवलंय. पण मी रोज जात राहिले. लोक म्हणत असतील, पोर मरणाच्या दारात आणि ही बया कामावर जाते. म्हणोत बापडे. बोटं आत वळवली की तनूचा दिवस धड जायचा. बाहेर वळलेली सापडली की त्या दिवशी डॉक्टरांचे चेहरे मला बघवत नसत. मी खोका टेबलाला चिकटपट्टीनं जखडला. झाकणावर वजन ठेवलं.

सकाळी खोका जागच्या जागी होता. चिकटपट्टी तशीच, वजन तसंच. आत मात्र चकतीची बोटं दाराकडे. आणि ऐका, तो फोम मी स्वतः कापलेला, चवड्याकडे रुंद, टाचेकडे निमुळता. चकती दुसऱ्या दिशेनं त्यात बसूच शकत नाही. ती बसली होती. कडेला केसाइतकीही फट नव्हती. फोमच मुळात तसा कापलेला होता.

मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. दारात ज्युलिएट उभी होती हे मला नंतर कळलं.

"मीनल," ती म्हणाली, "तू घरी जा. हा काम मी करतो."

"नको," मी म्हटलं. "हात लावू नकोस तिला."

५

डिसेंबरातली एक दुपार. बाहेर उजेड नावालाच. एक नर्स आली, गुलाबी स्वेटर घातलेली, फार गोड बोलणारी. तिच्या हातात एक छोटा खोका होता. त्यात मऊ पांढरी माती.

तिनं विचारलं, तनूच्या हातापायांचे ठसे घ्यायचे का? बऱ्याच आईवडलांना आवडतात. जवळ राहतात.

कशासाठी जवळ राहतात, हे तिनं सांगितलं नाही, तरी मला पुरेपूर माहीत होतं. मला ते सहा हजार वर्षांपासून माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मीनल, घेऊ या ना," शशी म्हणाला. त्याची दाढी वाढली होती आणि तो गेले कित्येक दिवस त्याच एका शर्टात होता. "उद्या काही झालं तर..."

"काही होणार नाही!"

"अगं पण झालं तर? आपल्याकडे तिचं काय राहील? सांग ना मला, काय राहील?"

"मातीत पाय घालायचा नाही माझ्या पोरीचा! खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खाटेवरचं मूल दचकून रडायला लागलं. नर्स मुकाट्यानं खोका घेऊन गेली. शशी भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. माझ्या डोक्यात ज्युलिएटचा एकच शब्द ठणकत होता. बरी करायचे. बरी करायचे. बरी.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, आता फार तर उद्याचा दिवस.

६

मी चकती चोरली. सरळ सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, खोका उघडला, चकती तनूच्या लोकरी टोपीत गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि गार्डला गुड मॉर्निंग करून बाहेर पडले. ज्या बाईनं आयुष्यात हातमोज्यांशिवाय एका खापरीला स्पर्श केला नव्हता, तिनं ती चकती छातीशी धरून अख्खा रस्ता पळत काढला.

शशी पुण्याला आईंना फोन करायला खाली गेला होता. मी पडदा ओढून घेतला. तनूचा चेहरा मेणासारखा झाला होता. मी चकती तिच्या पायथ्याशी पांघरुणावर ठेवली, टाच दाराकडे, बोटं तिच्या चेहऱ्याकडे, आणि खाली गुडघ्यांवर बसले.

लहानपणी गौर आत आणताना आई दारात थांबायची आणि मी आतून विचारायचं, "कशाच्या पावलांनी आली?" मग ती म्हणायची, "सोन्याच्या पावलांनी आली." पुढच्या दारात पुन्हा तेच, फक्त पावलं वेगळी. रुप्याची, हळदीकुंकवाची, धनधान्याची. आता मला काही म्हणजे काही आठवेना. सोनं नको होतं, रुपं नको होतं. मी चकतीवर दोन्ही हात दाबून धरले आणि म्हटलं,

"ये. कसल्याही पावलांनी ये. कुणाच्याही पावलांनी ये, पण ये गं!"

चप्.

पडद्याच्या बाहेर. मग आत. चप्, चप्. खाटेखालून अंगावर एक गारवा गेला, त्याला ओल्या मातीचा आणि धुराचा वास होता. पडद्याची खालची कड जराशी हलली आणि तिथे मला काहीतरी दिसलं. उंची माझ्या गुडघ्याएवढी. एवढंच दिसलं, कारण मी डोळे मिटून घेतले. तुम्हीही मिटले असते.

उघडले तेव्हा तनू माझ्याकडे बघत होती.

७

डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, पण होतं. शशीनं वॉर्डातल्या सगळ्यांना मिठाई वाटली. चकती मी गुपचूप परत नेऊन ठेवली, न बघताच, टोपीसकट. आणि नाताळात आम्ही पोरीला घरी आणलं.

मी सुखी होते. हे मला ठामपणे सांगायचंय. पहिले काही दिवस मी इतकी सुखी होते की रस्त्यात अनोळखी माणसांशी हसायचे.

मग एकदा तिला अंघोळ घालताना तिचे तळवे माझ्या हातात आले. महिनाभर खाटेवर पडून राहिलेल्या पोराचे तळवे लोण्यासारखे हवेत. ते टणक होते. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत काळी माती. मी साबण लावला, ब्रश लावला. ती गेली नाही. पोर मला त्रास न देता, अगदी समजूतदारपणे, पाय धरू देत होतं.

"औषधांनी होतं गं," शशी म्हणाला. "त्वचा कोरडी पडते." मी हो म्हटलं. ती बोलत नव्हती, तेही औषधांनी. बस दिसली तर घाबरून माझ्या मांडीत तोंड खुपसायची, तेही औषधांनीच. अशक्त पोराला सगळ्याची भीती वाटते.

ज्युलिएट फुलं घेऊन भेटायला आली तेव्हा तनू झोपली होती. पाळण्यात नाही, खाली जमिनीवर. आताशा ती तिथेच झोपायची, कुशीवर, गुडघे पार छातीशी ओढून, हात हनुवटीखाली. ज्युलिएट दारात थबकली. तिनं तरुणपणी जपानात खोदकाम केलंय, माणसं अशीच मुडपून पुरलेल्या जुन्या कबरी उघडल्यात.

"तो नेहमी असाच झोपतो?" तिनं विचारलं.

तिची मराठी तशीच आहे. सगळं जग पुल्लिंगी. मी स्वतःला तेच सांगितलं. पण तिनं फुलं माझ्या हातात दिली आणि ती चहाला थांबली नाही.

८

जानेवारीत मी कामावर रुजू झाले. चकती पॅक करायची होती. टोपी उलगडली.

पाऊल तनूचं होतं.

मी मोजलं नाही. कुठल्या आईला मोजावं लागतं? अंगठ्याच्या बाजूचं ते वाकडं बोट मी दीड वर्ष रोज तेल लावून चोळलंय, दातांत धरून खोटंखोटं खाल्लंय. माती तीच, जुनी, भाजलेली, केसासारखे तडे गेलेली. पाऊल माझ्या लेकीचं. बोटं दाराकडे वळलेली.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला मला माहीत नाही. पुढचं मी विचार करून केलं नाही. मी चकती फिरवली. बोटं आत. आणि म्हटलं, "ये गं माझ्या राणी, ये, चुकलं माझं, ये लवकर."

यंत्र घुं घुं करत होतं. मग दारापाशी, माझ्या पाठीमागे, चप्.

त्याच क्षणी भिंतीवरचा फोन वाजला. चकतीवर एक हात ठेवून मी दुसऱ्यानं तो उचलला.

"मीनल!" शशी किंचाळत होता. "तनूनं अंग सोडलंय! ओठ निळे पडलेत, मी ॲम्ब्युलन्स बोलावलीय, मीनल, ती श्वास घेत नाहीये गं!"

चप्, चप्. माझ्या मागे. जवळ.

आत येणाऱ्या पावलांना यायला अंग हवं. आणि ते अंग तिकडे आमच्या दिवाणखान्यात शशीच्या हातांत निळं पडत होतं. दोन मिनिटं थांबले असते तर कदाचित माझी तनू त्यात पोचली असती. कदाचित नसती, आणि मग माझ्याजवळ ना ही राहिली असती ना ती. मला नाही थांबता आलं. शशीचं ते ओरडणं ऐकत मला नाही थांबता आलं हो. मी बोटं दाराकडे फिरवली.

फोनमध्ये कुणीतरी खोल श्वास घेतला. मग खोकला. मग शशीचं रडणं, हसणं, दोन्ही एकत्र. "उघडले! डोळे उघडले! थांब, अगं ती काहीतरी म्हणतेय, ऐक, ऐक तू."

"आई," फोनमधून आलं. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. आवाज जाडसर, नवा, शब्द चाचपडत उच्चारलेला. त्यात केवढी तरी आशा होती.

"आई?" माझ्या मागून आलं. हा आवाज मला पाठ होता. तो दारापाशी होता, आणि हळूहळू दूर जात होता, कुणी हाताला धरून नेत असल्यासारखा. "आई?"

दोघं माझ्या 'ओ'ची वाट बघत होती.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, तोंडाशी नेला आणि फोनमध्ये म्हटलं, "ओ, बाळा. आले मी."

पाठीमागून पुन्हा हाक आली नाही.